पितळेचे पोचे काढायचेत? आधी ताव द्या, मग हातोडी उचला

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा सांगलीतलं आमच्या आजीचं घर पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर चिखल उपसताना लोखंडी कपाट आडवं पडलेलं सापडलं आणि त्याच्याखाली तिची सगळी पितळी भांडी, दोन घागरी, घंगाळ, परात, तीन तांबे, सगळं चेपून बसलेलं. भंगारवाला वजनावर न्यायला दारात उभाच होता, आजी म्हणाली माझ्या लग्नातली आहेत, कुणी हात लावायचा नाही. मग ती भांडी पोत्यात घालून माझ्याकडे आली, कारण मी कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपला आहे आणि धातूचं सगळं याला कळतं असा घरच्यांचा (आणि माझाही) गैरसमज.

पहिला तांब्या घेतला, आत लाकडी ठोकळा धरला आणि बाहेरून हातोडी चालू. आठ-दहा ठोक्यांत पोचा थोडा उठला, आणि मग टिच्‌ असा आवाज आला आणि पोच्याच्या कडेला नखाएवढी चीर. दुसऱ्या दिवशी तो तांब्या घेऊन मिरजेला कल्हईवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी चीर बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आरं मारतोयस काय त्याला, आधी ताव दे की."

त्या एका वाक्यामुळं हा लेख. तुमच्याकडं पण माळ्यावर चेपलेली पितळी भांडी असतील, किंवा पत्र्यापासून छोटी वाटी, निरंजनाचं ताट, देव्हाऱ्याची प्रभावळ असलं काही करायची हौस असेल तर माझ्यासारखं आधी फोडून मग शिकू नका.

ताव म्हणजे नक्की काय होतं

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ओढून, दाबून भांडी करायला जे पितळ चांगलं त्यात साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. हे गार असताना ठोकलं, वाकवलं, चेपलं की आतले कण ताणले जातात, एकमेकांत अडकतात आणि धातू ताठर होत जातो. कपाट पडलं तेव्हाच तांब्याच्या पोच्याजवळचं पितळ ताठरलेलं होतं, त्यावर मी वरून अजून ठोकलं, मग ते फुटणार नाही तर काय. ताव दिला, म्हणजे ठरावीक गरम केलं, की आत नवीन मोकळे कण तयार होतात आणि पत्रा परत मऊ पडतो. यालाच कारखान्यात अनीलिंग म्हणतात.

गंमत म्हणजे या ७०-३० पितळेचं इंग्रजी नावच काडतुसावरून पडलंय, कार्ट्रिज ब्रास. पितळेची एक वाटी दाबून करायची, ती ओढून लांब करायची, ओढली की ताठरते म्हणून परत ताव द्यायचा, परत ओढायची, असं करत करत रायफलच्या काडतुसाची नळी बनते. शेवटचा ताव फक्त तोंडाला देतात, बूड मुद्दाम कडक ठेवतात कारण दाब तिथं पेलायचा असतो. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी पट्टा दिसतो ना, तो या तावाचा डाग, पुसत नाहीत, तसाच ठेवतात.

हे वाचून यूट्यूबवर शोधायला जाल तर नव्वद टक्के व्हिडिओ परदेशातल्या रायफलवाल्यांचेच दिसतील, रिकामी काडतुसं गोल फिरवत बर्नरसमोर धरतात ते. तावाचा रंग समजून घ्यायला ते बघा, पण करायला जाऊ नका. आपल्याकडं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. आणि जुन्या ट्रंकेत, पुराच्या गाळात, आजोबांच्या सामानात काडतूस सापडलं तर रिकामं आहे असं वाटलं तरी आगीजवळ नेऊ नका, सरळ पोलीस स्टेशनला कळवा.

काय काय लागेल

- हातात धरायचा गॅस टॉर्च. छोट्या कॅनवरचा तांब्याएवढ्या भांड्याला पुरतो. घंगाळ किंवा मोठ्या परातीला पुरत नाही, एका बाजूला तापवेपर्यंत दुसरी बाजू गार होते, तिथं कोळशाची भट्टी आणि भाताच पाहिजे. घरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टॉर्च जोडायचा उद्योग कुणीही करू नये.
- चार-सहा फायर ब्रिक, म्हणजे भट्टीत वापरतात त्या आग सोसणाऱ्या विटा. साध्या विटा चालतात पण त्या खणखणीत वाळलेल्या हव्यात, ओल्या विटेवर ज्योत पडली की टवका उडतो. फरशीवर तर अजिबात नको.
- लांब दांड्याची सांडशी किंवा पकड.
- चष्मा, चामडी हातमोजे, सुती कपडे. टेरिकॉट, नायलॉन नको.
- पाण्याची बादली आणि बाजूला वाळूची बादली.
- लिंबूसत, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडची पावडर, किराणा दुकानात मिळते. शिवाय एक प्लास्टिकचा टब.
- लाकडी मोगरी किंवा रबरी हातोडा, आणि आत टेकू द्यायला गोल डोक्याचा लोखंडी खुंटा. मी मोटरसायकलचा जुना गोल पार्ट व्हाइसमध्ये धरून वापरतो, चकचकीत घासून घेतलेला. खुंट्यावर खरचटा असला की तो जसाच्या तसा भांड्यावर उठतो.
- पितळी पत्र्याचे चार तुकडे, २२ गेजचे, सरावासाठी. भांड्याच्या दुकानात किंवा भंगारात मिळतील. हे पहिल्या दिवशी आणाच.

१. आधी भांडं ओळखा

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. पिवळं दिसतं म्हणून सगळं पितळ नसतं आणि पितळ असलं तरी सगळं ठोकायचं नसतं.

लोहचुंबक लावा. चिकटला तर लोखंडावर मुलामा आहे, सोडून द्या.

कासं असेल तर हात लावू नका. कासं म्हणजे तांबं आणि कथील, रंग जरा फिकट, टिचकी मारली की आवाज लांबत जातो. पायाला तेल चोळायची काशाची वाटी आठवा. ते गार असताना ठोकलं तर काचेसारखं फुटतं, त्याचं काम तापलेल्या अवस्थेतच करतात आणि ते आपल्या आवाक्यातलं नाही.

ओतीव काम, म्हणजे समईचे खांब, मूर्ती, जाड घंटा, यांना पण ही पद्धत लागू नाही. ओतीव पितळेत बऱ्याचदा शिसं घातलेलं असतं, लाल झाल्यावर ते भुसभुशीत होतं आणि सांडशीत धरल्याधरल्या तुकडा पडतो. माझ्या एका मित्राने समईची वाकडी पाकळी अशीच तापवली, पाकळी सांडशीत आणि समई खाली.

भांड्याला डाग दिलेला सांधा असेल, म्हणजे जोड बसवलेला, तर तो तावात सुटू शकतो. आणि चारी बाजूंनी बंद पोकळ वस्तू कधीच तापवू नका, आत हवा किंवा ओल असली तर ती फुटते.

२. कल्हई आणि घाण काढा

आतून कल्हई असेल तर ती ताव द्यायच्या आधी निघाली पाहिजे. कल्हई म्हणजे कथील, ते २३२ अंशांना वितळतं आणि आपण जाणार आहोत ५०० च्या पुढं. एवढ्या उष्णतेत कथील पितळेत मुरतं, वर राखाडी खरबरीत ठिसूळ थर होतो आणि मग तो काही केल्या निघत नाही. माझ्या दुसऱ्या तांब्याचा आतला भाग असा झालाय, आता त्यात पेन ठेवतो. कल्हईवाल्याकडूनच काढून घ्या.

बाकी चिंच-मीठ लावून घासा, तेलकटपणा साबणाने काढा, कोरडं पुसा. नव्या शोभेच्या वस्तूवर लॅकरचा थर असतो तो थिनरने काढा आणि थिनर पूर्ण उडून गेल्याशिवाय, त्याचा डबा दुसऱ्या खोलीत गेल्याशिवाय टॉर्च पेटवू नका.

३. जागा आणि वेळ

उघड्यावर, पण सावलीत. सगळ्यात चांगली वेळ दिवेलागणीची. कारण ताव आपण डोळ्याने ओळखणार आहोत. धातू अंधारात लालसर दिसायला लागतो साधारण ५२५ अंशांना. दुपारी बारा वाजता अंगणात बसलात तर ती लाली दिसतच नाही, तुम्ही तापवत राहता आणि लाली उन्हात दिसेपर्यंत पितळ कडेने वितळायच्या जवळ गेलेलं असतं. मी पहिल्यांदा रविवारी सकाळी अकराला बसलो होतो. पत्र्याची कड बघता बघता मेणासारखी गोल झाली, आणि मला वाटत होतं अजून तापायचंय.

४. ताव

हा मुद्दा नीट वाचा, बाकी सगळं याच्या पुढेमागे आहे.

या पितळेला ताव लागतो साधारण ४२५ ते ७५० अंशांच्या मधला. आपण ५०० ते ६०० धरून चालायचं. ते वितळायला लागतं ९१५ च्या आसपास, म्हणजे तसं बघितलं तर अंतर भरपूर आहे, पण टॉर्चच्या ज्योतीखाली पातळ पत्रा ते अंतर काही सेकंदांत कापतो.

आधी सरावाचा तुकडा घ्या. विटांचा तीन बाजूंनी आडोसा करा, तुकडा विटेवर आडवा ठेवा. ज्योत एका जागी धरायची नाही, सतत फिरवत ठेवायची, आपण भिंतीला रंग देताना ब्रश फिरवतो तशी. जाड भागापासून सुरुवात, कडा शेवटी, कारण कडा आपोआपच आधी तापतात. पहिल्यांदा पत्र्यावर सोनेरी-तपकिरी, जांभळे डाग धावतील, मग सगळं काळपट होईल. इथं बरेच जण थांबतात, झालं म्हणून. नाही झालं. अजून थोडं, आणि मग काळ्यातून एकदम मंद, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी लाली वर येते. ती दिसली की ज्योत पुढं सरकवा. लाली सगळीकडून एकदा फिरली पाहिजे, एकाच वेळी सगळं लाल दिसायची गरज नाही. धरून पण ठेवायचं नाही, दहा मिनिटं तापवलं म्हणून जास्त मऊ होतं असं नसतं, उलट कण मोठे होत जातात आणि नंतर ठोकल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत उठतो. तो पॉलिश करून जात नाही.

भडक लाल, नारिंगी दिसलं म्हणजे जास्त झालं. आणि पांढरा धूर दिसला तर ज्योत लगेच बाजूला. तो जस्ताचा धूर असतो, जस्त ९०७ अंशांना उकळतं. नाकात गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, फ्लू झाल्यासारखं अंग मोडून येतं. वेल्डिंगवाल्यांना गॅल्व्हनाइज पत्र्यावर काम केल्यावर होतं तेच. साधारण एक-दोन दिवसांत उतरतो, पण छातीत घट्ट वाटलं, दम लागला तर घरी बसू नका, दवाखाना गाठा.

ताव बसला का ते तपासायचं सोपं आहे. गार झाल्यावर तुकडा बोटांनी वाकवा. ताव न दिलेला तुकडा स्प्रिंगसारखा उसळून परत येतो. तावलेला वाकवला तिथंच राहतो, अगदी शिशाच्या पट्टीसारखा मुकाट. हे एकदा हाताला कळलं की मग पुस्तकाची गरज नाही. चार तुकडे तरी असे करा, त्यातला एक मुद्दाम जास्त तापवून वितळवून बघा, म्हणजे हद्द कुठं आहे ते डोळ्याला कळतं, आणि तो धूर नाकापासून लांब, वाऱ्याच्या दिशेने जाऊ द्या.

५. गार करणं

इथं लोखंडाचं डोकं बाजूला ठेवा. पोलाद लाल करून पाण्यात टाकलं की कडक होतं, पितळ तसं होत नाही. हवेत गार करा नाहीतर पाण्यात बुडवा, मऊपणा तोच. आमच्या शॉपमधल्या निम्म्या लोकांना मी हे सांगितलं तर ते अजून वाद घालतात. फक्त लालभडक असताना बुडवायचं नाही, पत्रा वाकडा होतो आणि पितळेत शिसं असेल तर तडकतो पण. लाली पूर्ण जाऊन काळं पडू द्या, अजून थोडं थांबा, मग सांडशीने पाण्यात. वाफ येते, तोंड बाजूला ठेवा. मला स्वतःला हवेत गार करणं बरं वाटतं, घाई कुणाला आहे, फक्त गरम भांडं तिथंच ठेवून चहाला जाऊ नका. काळं पडलेलं ३०० अंशांचं पितळ आणि गार पितळ दिसायला एकच असतं, घरात पोरं असतील तर हे फार महत्त्वाचं.

६. काळं काढणं

लिटरभर कोमट पाण्यात मूठभर लिंबूसत विरघळवा, भांडं त्यात अर्धा-एक तास. काळा थर सुटतो, ब्रशने घासून धुवून टाका. कारखान्यात याला सल्फ्युरिक वापरतात, घरी त्याच्या नादाला लागू नका. लोखंडी सांडशी या पाण्यात बुडवायची नाही, नाहीतर पाण्यात उतरलेलं तांबं भांड्यावर बसतं आणि भांडं गुलाबी दिसायला लागतं. मला वाटलं होतं भांड्यातलं जस्त जळून गेलं, चांगली घाबरगुंडी उडाली. चाचा नुसते हसले. लाकडी उलथण्याने काढा.

७. पोचा काढणं

आता मोगरी. आत खुंट्याचा टेकू, बाहेरून हलके ठोके. पोच्याच्या मध्यावर जोर काढायचा नाही, कडेकडेने गोल फिरत आत यायचं. टेकू नेमका ठोक्याच्या खाली पाहिजे, तो सरकला की नवीन पोचा तयार.

आवाज ऐका. ताव दिलेल्या भांड्याचा आवाज आधी बद्द येतो, ओल्या मडक्यासारखा. ठोकत गेलं की हळूहळू टणटण वाजायला लागतो आणि मोगरी हातात उसळायला लागते. तिथं थांबायचं. पोचा अर्धाच निघाला असला तरी थांबायचं, परत पायरी ४ पासून. माझं घंगाळ पाच तावांत सरळ झालं, भट्टी चाचांची आणि हात माझे. चौथ्या वेळी कंटाळा करून तसंच ठोकलं असतं तर त्या पहिल्या तांब्यासारखी चीर गेली असती.

शेवटी बाहेरून मठारकामाचे बारीक ठोके एकसारखे मारले तर दिसायला छान दिसतं आणि पत्रा परत ताठ पण होतो, वापरायच्या भांड्याला तो ताठपणा हवाच असतो. मऊ सोडलेली परात कणीक मळताना दबते.

८. शेवटचा मंद ताव, हा सोडू नका

ही पायरी मला कुणी सांगितली नव्हती. परात मस्त सरळ झाली होती, आजी खूश, ती घेऊन आम्ही वाळवा तालुक्यातल्या गावच्या घरी ठेवली, गोठ्याला लागून खोली आहे तिथं. बाजूला युरियाची पोती. पावसाळा गेला, दिवाळीला काढली तर काठाला चार उभ्या चिरा. कुणी पाडली नाही, ठोकली नाही, जागच्या जागी तडकली.

नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं की हे आपल्याच देशात पूर्वी इंग्रजांच्या फौजेला झालेलं. पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेली त्यांची पितळी काडतुसं आपोआप तडकायची. पावसाळ्यातच व्हायचं म्हणून नाव पडलं सीझन क्रॅकिंग. कारण नीट उलगडलं ते १९२१ मध्ये, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी: ठोकलेल्या पितळेत ताण शिल्लक असतो, त्यात घोड्याच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा, तिन्ही जमलं की चीर. घोड्याच्या जागी आमची म्हैस, एवढाच फरक.

उपाय पण तेव्हाचाच आहे. सगळं ठोकून झाल्यावर २५०-२६० अंशांना साधारण तासभर ठेवायचं. एवढ्याने पितळ मऊ पडत नाही, ताठपणा राहतो, फक्त आतला ताण बराच उतरतो. टॉर्चने हे जमत नाही, कारण या टेम्परेचरला रंग लाल होत नाही आणि तासभर एकसारखं धरता येत नाही. घरचा ओटीजी, म्हणजे केक भाजायचा विजेचा ओव्हन, २५० पर्यंत जातो, त्यात बसेल एवढं भांडं स्वच्छ धुवून, कोरडं करून फुल्लवर सव्वा तास ठेवा आणि आतच गार होऊ द्या. बायकोला आधी विचारा. मोठं भांडं असेल तर पावडर कोटिंगवाल्यांची भट्टी मोठी असते पण ती बहुतेक २०० च्या आसपास चालते, २५० ला लावून देतील का ते बोलून घ्या.

९. कल्हई सगळ्यात शेवटी

क्रम चुकवू नका. आधी कल्हई करून मग ओटीजीत टाकलं तर २३२ च्या हिशोबाने कल्हई आतल्या आत वितळून बुडाला ओघळेल. स्वयंपाकाचं, दही-ताकाचं, चिंच-कोकमाचं भांडं असेल तर कल्हईशिवाय वापरू नका. कल्हई लावताना नवसागर वापरतात, त्यातून पण अमोनिया सुटतो, म्हणून घरी आणल्यावर भांडं बाहेरून-आतून भरपूर पाण्याने धुवून पुसून ठेवा. अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विड पितळेला लावू नका. ठेवायची जागा गोठा, कोंबड्यांची खुराडी, खताची खोली यांच्यापासून लांब.

वेळेचा अंदाज सांगतो, एका चेपलेल्या तांब्याला दोन-तीन ताव धरून तीन संध्याकाळी जातात, घागरीला दोन रविवार. घागरीचा गळा अरुंद असतो, आत हात आणि खुंटा दोन्ही जात नाही, तिच्यासाठी वाकडा लांब खुंटा लागतो. तो मी अजून बनवतोय, त्यामुळे आजीची दुसरी घागर अजून पोत्यातच आहे आणि दर सणाला ती विचारते.